कुर्डुवाडीपर्यंतचे राज्य

अक्का,

बार्शीच्या आपल्या दोन खोल्यांच्या दारात टांगा उभा होता, होल्डॉल बांधून झाला होता, आणि लखनौच्या बदलीची ऑर्डर मी खिशातून तिसऱ्यांदा काढून वाचत होतो. रुजू होण्याची तारीख चुकू नये ही एकच काळजी मला त्या वेळी होती. नलिनीच्या कडेवर दीड वर्षाची रेवती होती आणि तू टांगेवाल्याशी ट्रंकेवरून वाद घालत होतीस. तेवढ्यात आई आतून दह्याची वाटी घेऊन आली. तिने माझ्या तळहातावर दही ठेवले, वर चिमूटभर साखर घातली, आणि मी ते खाईपर्यंत समोरून हलली नाही. उरलेले बोटभर दही तिने रेवतीच्या ओठांना लावले. पोरीने मिटक्या मारल्या आणि सगळे हसले. आई मला म्हणाली, "वसंता, तिकडं उभ्यानं खाऊ नकोस. आणि कुणी मायेनं वाढलं तर नको म्हणू नकोस." मी मान हलवली. ऑर्डरीची घडी खिशात नीट बसली आहे की नाही, हे मी तेव्हा चाचपून पाहत होतो.

आज सकाळी लखनौच्या महानगर वस्तीतल्या या घराच्या दारात मी तशीच वाटी घेऊन उभा होतो. त्याविषयी शेवटी लिहीन, कारण मधला मजकूर वाचल्याशिवाय ते तुला कळायचे नाही.

गेल्या रविवारी तू फोनवर जे सांगितलेस, त्यावर एक शब्दही न बोलता मी फोन ठेवला. तुला राग आला असेल. तोंडी उत्तर देण्याची माझी रीत नाही, हे तू जाणतेस. हे माझे लेखी उत्तर आहे. ते तू एकटीने वाचून डब्यात टाकू नयेस. पुण्याच्या शरदला आणि न्यू जर्सीच्या मीनलला ते वाचून दाखव. गाव सोडून गेलेली तुझी ही दोन्ही मुले आज जसे आणि जेव्हा खातात, तसेच माझी रेवती खात होती.

दीड महिन्यापूर्वी रेवती हजरतगंज मेट्रोच्या जिन्यावरून पडली. पाय घसरला, असे तिने मला सांगितले. दिवस कोरडा होता आणि जिनाही कोरडा होता. तिला घेऊन आलेल्या ऑटोवाल्याने वेगळीच हकिकत सांगितली. ती ऑटोत बसताना त्याने विचारले होते, "दीदी, आपकी एक चप्पल कहाँ गई?" तेव्हा तिने प्रथमच खाली पाहिले. उजव्या पायातली चप्पल वर जिन्यापाशी निसटली होती, आणि तिथपासून रस्त्यापर्यंत ती एका अनवाणी पायाने चालत आली होती. तिला ते कळले नव्हते.

छत्तीस वर्षांची बाई, अक्का. आपल्या पायात चप्पल नाही हे तिला परक्या माणसाने सांगावे लागले.

आता ती काय खात होती ते लिहितो. एका विमा कंपनीच्या कचेरीत ती डेप्युटी मॅनेजर आहे. सकाळी एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात ते पौष्टिक म्हणून विकले जाणारे वडीसारखे बार, असा तिचा नाश्ता. तोही ओट्याशी उभ्याने. सोबत काळी कॉफी. दुपारी मोबाइलवरून मागवलेला भाज्यांचा 'बाउल', टेबलावरच, डाव्या हाताने, कारण उजवा हात माउसवर. त्यांच्याकडे टार्गेटचा रिव्ह्यू नेमका जेवणाच्या वेळेत घेतात. त्या वेळी सगळे जागेवर सापडतात, असे त्यामागचे शास्त्र. रात्री बदामाच्या पांढऱ्या पेयात भिजवलेले ओट्स. ती निष्काळजी होती असे म्हणता येणार नाही. तिचा मोबाइल खाल्लेल्या घासांचे उष्मांक मोजतो आणि दर तासाला पाणी प्यायची आठवण देतो. जेवायची आठवण देणारे माणूस मात्र सहा वर्षांपूर्वी या घरातून गेले. नलिनीच्या मागे स्वयंपाकघर माझ्याकडे आले, आणि मला चहा आणि खिचडी यांपलीकडे काही येत नाही.

म्हणून मी पाकिटे वाचू लागलो. तीस वर्षे बँकेच्या विधी विभागात दस्तऐवजांची बारीक अक्षरे वाचली. बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरे त्याहून बारीक असतात. पुढच्या बाजूला धष्टपुष्ट माणसाचे चित्र आणि "दिवसभराची ऊर्जा" असे शब्द. मागच्या बाजूला एक तारांकित टीप, की हे चित्र केवळ कल्पनेसाठी आहे. न्यायालयात असला दस्त कुणी दाखल केला असता, तर मी तो पाच मिनिटांत फेटाळून लावला असता. इथे मात्र लाखो घरांत तो दररोज बिनतक्रार स्वीकारला जातो, कारण दिवसाचे दहा-बारा तास काम करून आलेल्या माणसाच्या अंगात तो वाचण्याचे त्राण उरत नाही. थकलेल्या माणसाला विकण्यासाठीच हे अन्न बनते आणि ते खाऊन तो थकलेलाच राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मी संबंधितांना वेळोवेळी लेखी कळवले आहे.

एका बिस्किट कंपनीला मी चार पत्रे लिहिली. चौथ्या पत्राला उत्तर आले, सोबत सवलतीचे कूपन. त्या पत्रांचा विषय काय होता, ते पुढे लिहितो.

रेवतीच्या साहेबांनाही मी पत्र लिहिले. जेवणाची सुट्टी ही मेहरबानी नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे, असे त्यात सप्रमाण मांडले. रेवतीला सांगितले नव्हते. साहेबांनी ते तिच्यापुढे ठेवले आणि अगदी गोड आवाजात विचारले, की मॅडम, घरी सगळे ठीक आहे ना? त्या संध्याकाळी ती घरी आली, पर्स खुर्चीवर ठेवली आणि उभ्याउभ्या म्हणाली, "बाबा, आप मेरे वकील नहीं हैं। मैंने आपको वकालतनामा नहीं दिया।" पुढे आठवडाभर आमच्यात चहाच्या कपांपुरते बोलणे होते. ती पडली ती त्यानंतर तीन दिवसांनी.

इथल्या कपूरथला बाजाराजवळ एक म्हातारे डॉक्टर आहेत, पूर्वीच्या लखनवी अदबीचे. त्यांनी रेवतीला डोळे मिटून उभे राहायला सांगितले. ती डोलली, आणि मी धरायला पुढे झालो. तिच्या पायाच्या बोटांना कापूस लावून ते विचारीत राहिले, "अब? और अब?" पोर गप्प. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्यांनी बी-ट्वेल्व्ह या जीवनसत्त्वाचे नाव घेतले. शरीरात ते जवळजवळ उरलेच नव्हते. बरीच वर्षे कमी पडत गेले असावे, आणि झळ नसांपर्यंत पोचली होती. मी ताबडतोब कचेरीचे तास, रिव्ह्यू, बाउल, पाकिटे असा सगळा पाढा वाचू लागलो. मी फाइल सोबत नेली होती. डॉक्टरांनी ती उघडली नाही. ते म्हणाले, हे सगळे आहेच, या गावातली अर्धी तरुण मंडळी असेच खाते आणि माझ्याकडेच येते. मग चष्मा काढून त्यांनी विचारले, "अंडा-मांस तो आप लोग लेते नहीं होंगे। दूध-दही?"

"नहीं," रेवती म्हणाली. "बचपन में छोड़ दिया था। काशी में।"

डॉक्टरांना वाटले, आपण नीट ऐकले नाही. त्यांनी पुन्हा विचारले. तिने वय सांगितले: नऊ. मग ते माझ्याकडे वळले.

"नौ साल की बच्ची का छोड़ना किसने मान लिया, भाई साहब?"

अक्का, आजवर मी कितीतरी लोकांना प्रश्न विचारले. उलटतपासणीत माणूस कुठल्या शब्दाला गडबडतो हे मला लांबून कळते. त्या खोलीत मी फाइलीच्या दोऱ्याची गाठ सोडत आणि बांधत बसलो.

काशीला तू होतीस. तरीही लिहितो, कारण शरद-मीनलला हे माहीत नसेल. तू आणि आई लखनौला आलात, आणि इतक्या जवळ येऊन काशी केल्याशिवाय आई परत जाणे शक्यच नव्हते. काशीला गेले की एक पदार्थ कायमचा सोडायचा, ही आपल्याकडची रीत. घाटावर पाण्यात उभे राहून गुरुजींनी एकेकाला विचारले. तू फणस सोडलास, आणि आई म्हणाली की बार्शीत फणस पाहायला तरी मिळतो का गं, सोडलास कसला. नलिनीने सीताफळ सोडले आणि परतीच्या गाडीत ते आठवून डोळे पुसले. मी पडवळ सोडले, जे मी तोवर कधी खुशीने खाल्ले नव्हते. आईने वांगे सोडले. आपल्या घरात एक दिवसाआड वांगे शिजायचे. सोडले म्हणजे खरोखर सोडले ते तिने एकटीने. आणि रेवती, जिचे रोज सकाळी दुधावरच्या सायीवरून नलिनीशी भांडण व्हायचे, तिने नाकापर्यंत भिजलेल्या अवस्थेत जाहीर केले, "मी दूध सोडते."

सगळे हसले. गुरुजीही हसले. आई म्हणाली, "लेकराचं सोडणं धरायचं नसतं. घरी जाऊन मुकाट दूध पी." तिथेच हा विषय संपायला हवा होता.

मी तो संपू दिला नाही. ती स्वतःच्या तोंडाने बोलली आहे, गंगेत उभी राहून बोलली आहे, तेव्हा तिने ते पाळलेच पाहिजे, असा निकाल मी परतीच्या प्रवासात दिला. आणि निकालाबरोबर व्याख्याही दिली: 'दूध' या शब्दात दही, ताक, लोणी, पनीर, खवा व दुधाचे अन्य सर्व पदार्थ समाविष्ट समजावेत. तुपाला सवलत. अक्का, त्याच आठवड्यात मी बँकेत एका कर्जप्रकरणावर अभिप्राय लिहिला होता, की खातेदार सहीच्या दिवशी अज्ञान असल्याने करारनामा मुळातच रद्दबातल आहे. सतरा वर्षांच्या मुलाची सही मी धरली नाही. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचा शब्द मी सत्तावीस वर्षे धरून बसलो.

का, याचे उत्तर मी स्वतःला या महिन्यात दिले आहे आणि ते मला आवडलेले नाही. आम्ही इथे आलो तेव्हा गल्लीत एकही मराठी घर नव्हते. रेवती शाळेत जाऊ लागली आणि वर्षभरात हिंदीत भांडू लागली, हिंदीत स्वप्ने सांगू लागली. मी मराठीत विचारायचे, तिने हिंदीत उत्तर द्यायचे, असा आमचा संसार. मराठी मंडळाच्या गणपतीत तिला आरतीचे शब्द अर्धेच येत. या परक्या गावात हिच्यात आपले म्हणून काय उरणार, या भीतीने मला रात्रंदिवस घेरले होते. तेवढ्यात ते काशीचे सोडणे हाती आले. मंडळात बायका तिला जवळ घेऊन म्हणत, एवढीशी पोर आणि केवढा निग्रह. ती ताठ उभी राहायची आणि मी तिच्याहून ताठ. माझ्या मुलीजवळ बार्शीची एवढी एकच वस्तू शाबूत होती, आणि ती मी तिच्या ताटातून काढून घेऊन जपत होतो.

आणि गाव कोणते, तर लखनौ. इथे हिवाळ्याच्या सकाळी चौकात मलई-मक्खन विकतात. केशरी फेस, जिभेवर ठेवावा तर विरतो. एकदा तिच्या मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर आम्ही गेलो होतो. त्या सगळ्या मुली द्रोण चाटत होत्या. रेवतीने मैत्रिणीचा द्रोण नुसता धरून ठेवला होता, मैत्रीण मोजे वर ओढत होती म्हणून. तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, नकारार्थी. तिने द्रोण परत दिला. एका वाढदिवशी नलिनीने तिच्या शिऱ्यात गुपचूप दूध घातले. मला वासाने कळले आणि मी अर्धी बशी पोरीच्या हातातून काढून घेतली. नलिनी तेवढेच म्हणाली, "तुमच्या कोर्टात अपील नसतं." परीक्षांना निघताना आपल्याकडे हातावर दही ठेवतात. माझ्या मुलीच्या हातावर प्रत्येक परीक्षेला, नोकरीच्या पहिल्या दिवशीसुद्धा, मी फक्त साखर ठेवली.

त्या बिस्किट कंपनीला लिहिलेल्या पत्रांचा विषय हा: पुड्यावर "दुधाचे घन पदार्थ" हे शब्द इतके बारीक छापले आहेत, की दूध वर्ज्य असलेल्या माझ्या मुलीने ते अजाणता खाल्ले, सबब कंपनीने खुलासा करावा. चार पत्रे, अक्का. ते पुडे मी घरातून हद्दपार केले. बदामाचे पेय मीच शोधून आणले. ज्यात दुधाचा लवलेश नाही असे बार मी भिंग घेऊन निवडले. प्रत्येक पाकिटावर काय आहे ते मी वाचले, पण माझ्या मुलीच्या ताटात काय नाही याची यादी कुठल्याच पाकिटावर नव्हती, आणि ती मलाही करावीशी वाटली नाही.

मी कंपन्यांना आणि तिच्या साहेबांना सोडून देत नाही, हे इथे नमूद करतो. ज्या नोकरीत जेवण हा कामातला अडथळा समजला जातो, तिथे शरीर काय मागते हे ऐकायला माणसाला उसंतच नसते. रेवतीला वर्षभर थकवा होता, हातपाय बधिर होत होते, शब्द आठवत नव्हते. तिच्या कचेरीत सगळ्यांचेच असे होते, म्हणून ते कुणालाच आजारपण वाटले नाही. शरद, मीनल, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. पाकिटावर टक्के लिहिलेले असतात म्हणून आपण खाल्ले, असे समजू नका. तपासून घ्या. आणि दिवसातून एकदा तरी अशा माणसासमोर बसून जेवा, जे तुमच्या ताटात नसलेली गोष्ट पाहील. माझ्या मुलीसमोर असे माणूस होते. ते पहारा करीत होते.

गेल्या रविवारी मी तुला फोन केला, तो खरे सांगायचे तर कार्यपद्धती विचारायला. काशीचे सोडलेले परत धरायचे असेल तर काय विधी असतो, दान असते का, आणि आम्हा दोघांखेरीज त्या दिवसाची हयात असलेली एकच साक्षीदार तू, तेव्हा तुझी संमती लागते का. तू आधी हसलीस. मग तुझा आवाज बदलला. तू म्हणालीस, "अरे वसंता, कसली संमती? आईनं ते केव्हाच मोडलं होतं."

मग तू सांगितलेस. दर मे महिन्यात आम्ही कुर्डुवाडीला गाडी बदलून बार्शीला येत असू, आणि मी दुपारी जेवून आडवा झालो की मागच्या मोरीपाशी पाट मांडला जाई. दहीभात, वर मिरचीची फोडणी. रात्रीच्या दुधाची साय वेगळी काढून ठेवलेली असे, साखर घालून. जिच्यावरून भांडण व्हायचे तीच साय. पोर पहिल्या वर्षी घाबरली, म्हणाली, बाबा रागावतील. आणि आई तिला म्हणाली, "तुझ्या बापाचं राज्य कुर्डुवाडीपर्यंत. ही बार्शी आहे. खा."

मी फोन ठेवला तो तिथे.

दहा उन्हाळे, अक्का. मी पलीकडच्या खोलीत घोरत होतो, आणि तुम्ही माझ्या मुलीला जेवू घालत होता. आई गेली त्या वर्षी रेवती कॉलेजात होती. नंतर परीक्षा, मग नोकरी, मग रजा नाहीत, बार्शी सुटली. डॉक्टर म्हणतात की शरीरातला साठा वर्षानुवर्षे पुरतो आणि मग एक दिवस संपतो. तो साठा कुणी केला होता, हे मला आता ठाऊक आहे.

मी रेवतीला विचारले. ती अंथरुणावर पाय दुमडून बसली होती. तिने नाकारले नाही. आजीचे ते वाक्य तिने जसेच्या तसे मराठीत म्हणून दाखवले, आजीच्याच हेलात. मी म्हटले, मग मोठी झाल्यावर का खाल्ले नाहीस, तुला कुणी अडवले होते? "आदत हो गई थी, बाबा। और वक़्त किसके पास था कि बैठकर सोचे, क्या छूट गया है।" आणि पुढे, "आपने भी कभी कहा नहीं कि बस, अब हो गया।"

ते मी त्या दिवशी सांगितले. लेखी दिले, सहीनिशी. दुसऱ्या कुठल्या रीतीने मला येतच नाही. तिने कागद वाचला, घडी घातली आणि उशीखाली ठेवला. मी निशातगंजहून दही आणले, म्हशीच्या दुधाचे, मातीच्या कुल्हडात लावलेले. तिच्यासमोर ठेवले आणि समोर बसलो. तिने चमचा उचलला. घास तोंडात घेतला आणि उठून बेसिनकडे गेली, भिंतीला धरून, कारण आता तिला धरल्याशिवाय चालता येत नाही. चार दिवस आम्ही प्रयत्न केला. चौथ्या दिवशी ती पाठमोरी असतानाच म्हणाली, "आप सामने बैठते हैं तो गले से नहीं उतरता। मैं क्या करूँ, बाबा?"

सुया चालू आहेत. औषध म्हणून जे द्यायचे ते सुईतून जाते आहे. दह्यावाचून उपचार अडलेला नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा समजावले. पण पुढचे सगळे आयुष्य सुईवर काढायचे नसते, असेही ते म्हणाले. नसांचे विचारले, तर म्हणाले, "जो लौटेगा, धीरे-धीरे लौटेगा। जो नहीं लौटा, उसकी गारंटी मैं नहीं दे सकता।" मी ते लिहून मागितले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या पेशंटला बोलावले. दाद कुणाकडे मागायची, अक्का? या महिन्यात मी कोऱ्या कागदावर "प्रति" एवढे लिहून कितीदा तरी थांबलो आहे.

म्हणून हा निर्णय घेतला आहे. रेवतीने दोन महिन्यांची वैद्यकीय रजा घेतली आहे आणि ती तुझ्याकडे येते आहे. मंडळातली एक कुटुंबवत्सल बाई याच गाडीने पुण्याला निघाली होती, तिच्या सोबतीने गेली आहे. पुण्यात शरद उतरवून घेईल आणि बार्शीला आणून सोडेल. इथल्या डॉक्टरांचा कागद आणि सुयांच्या तारखा तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहेत. तिथल्या डॉक्टरांना हे पत्र मिळताच दाखव. तिला मोरीपाशी एकटी उभी करू नकोस, डोळ्यांवर पाणी मारताना तिचा तोल जातो. चपला नकोत, पट्ट्याच्या सँडल दिल्या आहेत. मी येत नाही. मी आलो तर सगळे फुकट जाईल.

आता सकाळचे. टॅक्सी खाली आली होती, टॅक्सीवाला भैया बॅगा खाली नेत होता. मी फ्रिजमधून दह्याची वाटी काढली आणि दारात उभा राहिलो. रेवती माझ्याकडे आणि मग वाटीकडे पाहत राहिली. तिने उजवा हात पुढे केला. मी तळहातावर दही ठेवले, वर चिमूटभर साखर घातली. तळहात तसाच पुढे धरून ती उभी राहिली. ती त्याच्याकडे असे पाहत होती, जणू हात दुसऱ्या कुणाचा आहे.

"बाबा," ती म्हणाली, "गार आहे का हे?"

मराठीत विचारले तिने. मला क्षणभर तेवढेच ऐकू आले. नंतर प्रश्न कळला. वाटीला बाहेरून दव जमले होते, माझी बोटे गारठली होती.

"हो," मी म्हणालो. "गार आहे."

तिने हात तोंडाकडे नेला, आणि मी पाठ फिरवली. भिंतीवरच्या मीटरचे आकडे वाचत उभा राहिलो. पुन्हा वळलो तेव्हा तिचा तळहात स्वच्छ होता. खाल्ले की रुमालाला पुसले, मी विचारले नाही. एकेक पायरी धरून ती उतरली, आणि टॅक्सी निशातगंजच्या बाजूला वळली.

तुझ्याकडे एक मागणे आहे. ती तिथे काय खाते, किती खाते, कधी खाते, हे मला कळवू नकोस. फोनवर मी विचारले तरी सांगू नकोस. मी विचारीन, माझी खात्री आहे. पाट मागच्या बाजूला मांड. आई ज्या वाटीत साय काढून ठेवायची ती वाटी अजून असेल तर तीच घे. इकडच्या चार खोल्या माझ्या नावावर आहेत, आणि आज दुपारी त्यांतल्या एकाही खोलीत मला जेवण गेले नाही. जिथे माझा शब्द चालत नाही असे एकच ठिकाण उरले आहे, कुर्डुवाडीच्या पलीकडे, आणि माझे घर आता तेवढेच.

तुझा धाकटा,
वसंता